इमारतीनं कॉलेजात घातलेला माणूस

माणसाला कॉलेजात कोण घालतं? आईबाप घालतात, क्वचित कुणाला नशीब घालतं. तुर्सिनखानला बावन्नाव्या वर्षी कॉलेजात घातलं ते त्याच्या इमारतीनं. रीतसर ठराव झाला, सगळ्यांनी हात वर केले, विरोधात एकच मत पडलं आणि ते त्याचं स्वतःचं होतं.

सभा जिन्यातच भरली होती. आमच्या सारितोबे गावात इमारतींच्या सभा जिन्यातच भरतात, कारण जिन्यात बसायला जागा नसते आणि त्यामुळे भाषणं लांबत नाहीत. कैरोल्ला मात्र याला अपवाद. हा कस्टममधून निवृत्त झालेला गृहस्थ सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो आणि इमारतीचा अध्यक्ष आहे. सबंध आयुष्य दुसऱ्यांच्या पेट्या उघडण्यात गेल्यामुळे त्याला कुठलीही गोष्ट बंद ठेवता येत नाही, स्वतःचं तोंड तर मुळीच नाही. त्यानं चष्मा लावून हीटिंग कंपनीचा नवा नियम वाचून दाखवला. यापुढे प्रत्येक इमारतीत डिप्लोमावाला तंत्रज्ञ हवा. हिवाळ्याआधी त्यानं 'इमारतीतली हीटिंगची व्यवस्था मूळ आराखड्याप्रमाणे आहे' अशी सही करायची. सही नाही तर गरम पाणी नाही.

आजवर अशी सही नुसती रीत म्हणून आमच्या इमारतीतला वाल्टर करायचा. पण वाल्टर वसंतातच बायकोमुलांसह जर्मनीला निघून गेला होता, आणि जाताना डिप्लोमा बरोबर घेऊन गेला होता. याचा राग काही लोकांच्या मनात अजून होता.

"पण एक सवलत आहे," कैरोल्ला बोट वर करून म्हणाला. "तंत्रज्ञ नसेल, तर शिकत असलेला माणूस दाखवा म्हणतात. तो कॉलेजात पास होत राहील तोवर तात्पुरती परवानगी मिळेल. नापास झाला की वॉल्व्ह बंद."

सगळ्यांच्या माना सावकाश एका दिशेला वळल्या. तुर्सिनखान शिकवायचा ती शाळा त्या उन्हाळ्यात दुसऱ्या शाळेत विलीन झाली होती आणि त्याचा भूगोल कवायतीच्या मास्तरकडे गेला होता.

"आगाय, तुम्ही सध्या मोकळेच आहात," कैरोल्ला म्हणाला. मास्तरला आमच्याकडे आगाय म्हणतात, आणि बेकार माणसाला मोकळा म्हणणं ही आमच्या जिन्यातली सभ्यता.

"अहो, मी भूगोलाचा माणूस! मला नदी कुठं उगम पावते ते विचारा."

"पाइपातलं पाणीही कुठंतरी उगम पावतंच," झिनाइदा पेत्रोव्ना म्हणाली. ती औषधाच्या दुकानात असते, तिसऱ्या मजल्यावर राहते, आणि कुठल्याही दुखण्यावर तिच्याकडे गोळी असते.

तुर्सिनखान नाहीच म्हणणार होता. नकार ओठापर्यंत आलाही होता. तेवढ्यात तळमजल्यावरच्या बाल्जान आपानं कठडा धरून वर बघितलं. दूध कारखान्यात हयात घालवलेली ही म्हातारी एकटी राहायची. सप्टेंबर नुकताच लागला होता आणि तिच्या पायात आताच नमद्याचे जाड लोकरी बूट होते. हिवाळ्यात ती ओव्हरकोट घालून झोपते हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीबद्दल जसं कुणी काही करत नाही तसंच याबद्दलही कुणी काही केलं नव्हतं.

"बाळा," ती म्हणाली, "तू शिकलास तर माझी खोली तापेल का रे?"

आता याला काय उत्तर द्यायचं? "तापेल, आपा," तुर्सिनखान म्हणून गेला. सगळ्या जिन्यासमोर म्हणून गेला.

घरात शिरल्यावर रौशाननं त्याच्याकडे पाहिलं ते तीस वर्षांच्या संसाराचा हिशेब मागितल्यासारखं. "अहो, तुम्हाला साधा बल्ब बदलता येत नाही."

"बल्ब विजेत मोडतो," तो ताठ मानेनं म्हणाला. "मी उष्णतेकडे चाललोय."

प्रवेशासाठी काय करावं यावर इमारतीत मतांचा तोटा नव्हता. कैरोल्लाचं म्हणणं, विद्यापीठाची पदवी आहे हे सांगूच नका, पदवीवाल्याला फुकट जागा देत नाहीत. झिनाइदा पेत्रोव्नाचं म्हणणं, खोटं बोललं की रक्तदाब वाढतो. दुसऱ्या मजल्यावरचा दंतवैद्य म्हणाला की काहीही सांगा, पण सांगताना हसू नका, तुमची वरची दाढ बघवत नाही. तुर्सिनखाननं तिघांचंही ऐकलं. म्हणजे त्यानं पदवी लपवली, रक्तदाबाची गोळी घेतली आणि न हसता खिडकीपुढे जाऊन उभा राहिला.

खिडकीतल्या बाईनं मान वर न करता विचारलं, "मुलाचं नाव?"

"तुर्सिनखान."

"जन्मसाल?" त्यानं सांगितलं. बाईनं मान वर केली. मग ती पुन्हा खाली केली, कारण अर्जात वयाला वरची मर्यादा नव्हती. ती घालावी असं कुणाच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. "मुलांना लष्करी कचेरीचा दाखला लागतो," ती म्हणाली. "तो आणा."

लष्करी कचेरीत एक ढेरपोट्या सार्जंट होता. त्यानं सांगितलं की पन्नाशीनंतर नाव काढून टाकतात, यादीत नसलेल्या माणसाला दाखला देता येत नाही. कॉलेजनं सांगितलं की दाखल्याशिवाय प्रवेश देता येत नाही. तुर्सिनखान आठवडाभर या दोन खिडक्यांमध्ये टोलवला गेला. शेवटी सार्जंटला कणव आली, किंवा कंटाळा आला. त्यानं कागदावर लिहून दिलं की सदर इसमाची सैन्याला शांततेत किंवा युद्धातही गरज नाही. खाली शिक्का मारला. कॉलेजला तो चालला. तुर्सिनखान तो कागद खिशात घालून घरी आला आणि जेवला नाही.

वैद्यकीय तपासणी लहान मुलांच्या दवाखान्यात होती, कारण कॉलेजची मुलं तिकडेच पाठवतात. भिंतीवर अस्वलं रंगवलेली. तिथल्या नर्सनं सवयीनं त्याला एवढ्याशा खुर्चीवर बसवलं, घसा पाहिला आणि 'शहाणा मुलगा' असं म्हणता म्हणता जीभ चावली. तरीही ते निम्मं ऐकू आलंच.

उरली पालकाची सही. करारनाम्यावर पालकाच्या सहीची जागा होती आणि ती जागा मोकळी असेल तर संगणक पुढे सरकत नव्हता. तुर्सिनखानची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हा बाल्जान आपानं डोक्याला नवा पांढरा रुमाल बांधला, बसनं कॉलेजात गेली आणि सही ठोकली. एवढ्यावर ती थांबली असती तर बरं. पण आपाला जबाबदारीचं फार. पुढे पालकसभा भरली तेव्हा ती पहिल्या रांगेत जाऊन बसली आणि सगळ्यांदेखत विचारती झाली, "आमचा पोरगा वर्गात नीट वागतो ना?"

वर्गात तो नीटच वागत होता. अडचण वर्गाची होती. पहिल्या दिवशी तो आत शिरला तेव्हा सतरा वर्षांची सगळी पोरं खाडकन उभी राहिली, त्यांना वाटलं शिक्षक आले. मग खऱ्या शिक्षिका आल्या, मेरुएर्त. त्यांनी तुर्सिनखानला पाहिलं आणि त्याही उभ्याच राहिल्या. ती त्याची जुनी विद्यार्थिनी होती. सातवीत असताना त्यानं तिला सिर दर्या नदी नकाशात दाखवता आली नाही म्हणून पाचपैकी तीनच मार्क दिले होते आणि वर 'तुझ्या हातून काही व्हायचं नाही' असंही सांगितलं होतं.

"आगाय, बसा ना," ती अवघडून म्हणाली.

"आधी तुम्ही बसा," तो म्हणाला.

दोघंही उभेच राहिले. वर्ग उभा राहिला. पहिला तास असाच गेला.

शिकणं सोपं नव्हतं. रात्रंदिवस पाठ केलेल्या नद्या डोक्यातून हलेनात आणि त्यांच्या जागी दाब, वेग, वाकण असली मंडळी यायला तयार होईनात. पदार्थांच्या मजबुतीच्या पहिल्याच परीक्षेत त्याला पाचपैकी दोन मार्क मिळाले, म्हणजे नापास. तो तोंड लपवत घरी आला, तर बातमी त्याच्याआधीच पोचली होती. मेरुएर्तची सासू औषध घ्यायला झिनाइदा पेत्रोव्नाकडे जाते. जिन्यात प्रत्येक मजल्यावर दार उघडं आणि दारात माणूस.

"दोन?" कैरोल्ला वरून ओरडला. "आगाय, बाहेर उणे अठ्ठावीस आहे!"

मार्क त्याचे असले तरी थंडी सगळ्यांची होती. फेरपरीक्षा होईपर्यंत इमारतीनं त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं. भिंतीला भोक पाडणं बंद झालं. अंगणात पोरांना ओरडायची बंदी झाली. दंतवैद्यानं घोड्याच्या मांसाची कझी पाठवली, मेंदूला चांगली म्हणून. झिनाइदा पेत्रोव्नानं स्मरणशक्तीच्या गोळ्या दिल्या, ज्यांनी त्याला झोप यायची. संध्याकाळी कैरोल्ला पुस्तक हातात घेऊन त्याची उजळणी घ्यायचा. त्याला स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण चूक झाली की तो कस्टममधल्या सवयीनं बरोबर ओळखायचा. पकडलेला माणूस डोळे खाली घालतो म्हणे.

तुर्सिनखान फेरपरीक्षेत पास झाला. कंपनीनं वॉल्व्ह उघडा ठेवला. इतकी वर्षं त्यानं पोरांना शिकवलं, पण त्याच्या डोक्यात काही जावं म्हणून एवढ्या लोकांनी जीव टाकलेला त्यानं कधी पाहिला नव्हता. त्याला भरून आलं. खोटं कशाला सांगू, त्याला शिकण्याची गोडी लागली. आणि इथंच खरी गोची झाली.

दुसऱ्या हिवाळ्यात मेरुएर्तनं फळ्यावर पाच मजल्यांची इमारत काढली. एकच उभा नळ. गरम पाणी आधी माळ्यावर चढतं आणि मग एकेका मजल्यावरच्या खोल्या तापवणाऱ्या लोखंडी रेडिएटरमधून खाली उतरत तळाशी येतं. "आता समजा," ती म्हणाली, "वरच्यानं आपल्या रेडिएटरला जादा फासळ्या, म्हणजे गरम पाण्याचे जादा कप्पे, जोडल्या. मग खालच्याला येणारं पाणी तेवढं गार होईल. त्याच्या खालच्यानंही जोडल्या, तर आणखी गार. सगळ्यात खालच्या खोलीचं तापमान काढा."

पोरांनी पुस्तकातले आकडे घातले. तुर्सिनखाननं आपल्या जिन्याचे घातले. कैरोल्लाच्या रेडिएटरला किती फासळ्या आहेत ते तो जाणून होता, कारण वाल्टरकडून त्या बसवून घेतल्या तेव्हा पार्टी झाली होती. झिनाइदा पेत्रोव्नाच्या, दंतवैद्याच्या, खुद्द आपल्या घरच्याही ठाऊक होत्या. आमच्याकडे नवं घर घेतलं की माणूस आधी पडदे लावतो आणि मग फासळ्या वाढवतो. ते चुकीचं असतं असं कुणाच्या स्वप्नातही नाही. गणित सुटलं. सगळ्यात खालच्या खोलीचं उत्तर वहीवर उतरलं तेव्हा त्याला ते ओळखीचं वाटलं. बाल्जान आपा तेच उत्तर कित्येक वर्षं तोंडी सांगत होती: हात ठेवला तर कोमट, पाठ टेकली तर गार.

तो घरी आला आणि पहिल्यांदा आपल्या फासळ्या सोडवल्या. रौशान दोन दिवस बोलली नाही. स्वैपाक करताना ती केसाळ टोपी घालायची आणि पळी जरा जोरात आपटायची. मग तो वर चढला.

कैरोल्लानं गंजिफ्रॉकवर दार उघडलं. मागची खिडकी सताड उघडी होती आणि तिच्यातून बर्फाचा भुगा आत येत होता.

"खिडकी का उघडी?" तुर्सिनखाननं विचारलं.

"उकडतं हो!"

"मग फासळ्या कमी करा. उकडायचं थांबेल आणि खाली आपाला ऊब मिळेल."

"आणि उद्या थंडी वाढली म्हणजे?" कैरोल्ला दुखावला. "आगाय, आम्ही तुम्हाला कॉलेजात घातलं ते आमच्या घराची झडती घ्यायला काय?"

झिनाइदा पेत्रोव्ना म्हणाली की माझे सांधे आहेत, आणि मी एकटीनं काढून काय होणार, आधी वरच्यांना सांगा. दंतवैद्य म्हणाला की पेशंट थंडीनं तोंड उघडत नाहीत, आधी खालच्यांना सांगा. त्याच्या खाली तर तुर्सिनखानच राहत होता. आपाच्या खोलीत एवढाच फरक पडला की कोमटाचं जरा बरं कोमट झालं. ती मात्र कौतुकानं सगळ्यांना सांगत सुटली, पोरगा शिकला, बघा, फरक पडला.

तेव्हा त्यानं एक बेत केला. डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेला कंपनीचे मोठे इंजिनियर बेइसेनोव अध्यक्ष म्हणून येणार होते. त्यांच्या एका हुकमानं सगळ्या जादा फासळ्या उतरल्या असत्या. आणि परीक्षेनंतर परीक्षकांना जेवण घालायची रीत आहेच. माणूस पोटभर जेवला, चहाचा तिसरा पेला हातात आला, की विषय काढायचा.

परीक्षा जूनमध्ये झाली. दाराबाहेर अर्धी इमारत कान लावून उभी होती. तुर्सिनखाननं पाच मजली इमारतीची हीटिंग अशी काही मांडली की मेरुएर्तच्या डोळ्यांत पाणी आलं. पाचपैकी पाच. बाल्जान आपानं आनंदाची रीत म्हणून बाहेर आलेल्या सगळ्यांवर मुठीमुठीनं गोळ्या-चॉकलेटं उधळली, एक बेइसेनोवच्या चष्म्यावर बसली, पण ते हसले. तोवर सगळं छान होतं.

जेवण तुर्सिनखानच्या घरी. मेंढ्याचं शिजवलेलं डोकं मानाच्या पाहुण्यापुढे ठेवायची आमच्याकडे रीत, आणि ते ठेवायचा मान कैरोल्लानं स्वतःकडे ओढून घेतला. मी अध्यक्ष, मीच देणार. आता यातला एक नियम आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. ज्याचा बाप हयात आहे त्याच्यापुढे डोकं ठेवायचं नाही. ठेवलं, तर तुझा बाप आता नसलेलाच बरा, असा त्याचा अर्थ. म्हणून आधी हळूच चौकशी करायची असते. पण बेइसेनोवचे केस पांढरेशुभ्र, हातात काठी, तोंडात कवळी. अशा माणसाला बाप असेल हे कुणाच्या मनात येणार? कैरोल्लानं ताट उचललं, ज्ञानावर भाषण केलं, कस्टमवर थोडं केलं, आणि डोकं त्यांच्यापुढे ठेवलं.

बेइसेनोवनी सुरीकडे पाहिलं. हात लावला नाही. त्यांचा चेहरा उतरला.

"माझे वडील आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. "काल फोनवर बोललो. घोडी व्याली म्हणत होते."

रौशान ताट उचलायला धावली. इथे कुठल्याही शहाण्या माणसानं माफी मागून गप्प बसायचं. पण कैरोल्लाला गप्प बसता येत असतं तर ही कथाच घडली नसती.

"काही हरकत नाही," तो घाईनं म्हणाला. "हे पुढच्या खेपेचं आगाऊ समजा!"

बेइसेनोव उठले. परीक्षक उठले. चहा ओतायचा राहिला, विषय काढायचा राहिला. ते डोकं दोन दिवस घरात पडून होतं, कुणी त्याला हात लावायला तयार नव्हतं.

तुर्सिनखान मानाचा झगा आणि मिठाई घेऊन माफी मागायला कंपनीत गेला. साहेब बाहेर गेलेत. पुन्हा गेला. साहेब मीटिंगमध्ये आहेत. ऑगस्टमध्ये बेइसेनोवचे वडील वारले. नव्वदीचे होते, झोपेत गेले, त्यात कुणाचा दोष नाही. पण तोवर त्या ताटाची गोष्ट गावभर झाली होती. यापुढे फासळ्यांचा अर्ज घेऊन त्या माणसासमोर उभं राहायचं कुठल्या तोंडानं? तुर्सिनखान मयताला गेला, गर्दीत मागे उभा राहिला आणि तसाच परतला.

सप्टेंबर अखेरीला कंपनीचा कागद आला. 'व्यवस्था मूळ आराखड्याप्रमाणे आहे.' खाली तंत्रज्ञाची सही. जिन्यात पुन्हा सभा भरली. कैरोल्लानं पेन पुढे केलं.

"मला सही करता येत नाही," तुर्सिनखान म्हणाला.

"म्हणजे? हात दुखतो?"

"व्यवस्था आराखड्याप्रमाणे नाही. तुमच्याकडे नाही, तुमच्याकडे नाही, आणि तुमच्याकडेही नाही."

एकच गलका झाला. दोन वर्षं कझी कुणी खाऊ घातली, गोळ्या कुणी दिल्या, पोरांना अंगणात कुणी गप्प केलं, सगळं निघालं. "आगाय," कैरोल्ला कळवळून ओरडला, "तुम्हाला सही करायला पाठवलं होतं, शिकायला नव्हे!"

लोक हसले नाहीत. सगळ्यांना ते पटलंच होतं.

मग खालून बाल्जान आपा म्हणाली, "कर रे सही, बाळा."

"आपा, तुमच्यासाठीच तर..."

"ठाऊक आहे. पण तू सही केली नाहीस तर यांनाही गारठा. यांना गारठा लागून मला काय ऊब येणार आहे? लहान पोरं आहेत वर. कर."

त्यानं सही केली. डिप्लोमा मिळाल्यावरची ती पहिली सही, आणि ती खोटी होती. त्याला स्वतःची लाज वाटली, ती पुढे कमी झाली नाही.

जानेवारीत आपाला खोकला झाला. रौशान रोज सूप घेऊन खाली जायची आणि वर चला म्हणून हातापाया पडायची. "एका जिन्यासाठी कुठं पाहुणी म्हणून येऊ?" आपा म्हणायची. झिनाइदा पेत्रोव्नानं चांगली औषधं दिली, आणि औषधं चांगलीच होती. एका सकाळी रौशान खाली गेली ती सूप तसंच घेऊन परत आली. तुर्सिनखान स्वैपाकघरात खाली बसला आणि मोठ्यानं रडला. आई गेली तेव्हाही तो इतका रडला नव्हता.

सगळी इमारत आपाच्या खोलीत जमली. मयताजवळ बसायचं म्हणजे तासन्‌तास बसायचं. कुणी ओव्हरकोट काढला नाही. बोलताना तोंडातून वाफ निघत होती. बऱ्याच वेळानं कैरोल्ला इकडेतिकडे बघत म्हणाला, "इथं फारच गार आहे हो!" त्याच्या आवाजात खरोखरचं आश्चर्य होतं. मुल्लानं मात्र खोलीची तारीफ केली. अशा कामाला खोली गारच बरी, म्हणाला.

सातव्या दिवसाचं जेवण झालं. माणसं पांगली. कैरोल्ला तेवढा मागे घोटाळत राहिला आणि तुर्सिनखानला बाजूला घेऊन म्हणाला, "आगाय, रागावू नका. आपाच्या खोलीत आता कुणी राहत नाही. तो रेडिएटर उगाच आहे तिथं. जुना ओतीव माल, हल्ली मिळत नाही. माझ्या कोपऱ्यातल्या खोलीला जरा कमी पडतं. तुम्ही तंत्रज्ञ आहात, तुम्हीच सोडवून दिलात तर रीतसर होईल."

तुर्सिनखानला राग आला असं म्हणणंही बरोबर नाही. राग येऊन गेला होता आणि त्याच्या पलीकडे काहीतरी होतं. त्यानं खुंटीवरची किल्ली घेतली, तळघरात गेला, आपल्या जिन्याच्या नळाचे दोन्ही वॉल्व्ह बंद केले आणि पाइप गोठून फुटू नये म्हणून मेरुएर्तनं शिकवलं होतं तसं सगळं पाणी सोडून दिलं. दाराला कुलूप लावलं. वर येऊन रौशानला म्हणाला, "कोट घाल."

"काय झालं?"

"हीटिंग बंद केलंय."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, कोट घातला, आणि त्याचाही आणून दिला.

थोड्याच वेळात वरून पाइपावर ठोके पडायला लागले. मग जिन्यात पावलं, मग दारावर मुठी. "आगाय! पाणी गेलं! कुणाच्या परवानगीनं बंद केलंत?"

"माझ्या," तो दार न उघडता म्हणाला. "जबाबदार तंत्रज्ञ मी आहे. सगळ्यांनी हात वर केले होते."

"मी कंपनीला फोन करतो!"

कैरोल्लानं फोन केला. कंपनी म्हणाली, तुमच्या जबाबदार तंत्रज्ञाला विचारा.

"जादा फासळ्या अंगणात आणून टाका," तुर्सिनखान म्हणाला. "मग उघडतो."

संध्याकाळपर्यंत दंतवैद्य खाली उतरला. त्याच्यामागून झिनाइदा पेत्रोव्ना, एकेक फासळी दोन्ही हातांत धरून, रडत आणि शिव्या देत. दोन्ही तिला एकदम येत होतं. शेवटी कैरोल्ला आला. अंगावर ओव्हरकोट, वर शाल, डोक्यावर टोपी. त्यानं आपल्या फासळ्या ढिगावर ठेवल्या आणि काहीच बोलला नाही. त्याला मी पहिल्यांदाच गप्प पाहिलं.

तुर्सिनखाननं पाणी सोडलं. माळ्यावर जाऊन हवा काढली, मग एकेक मजला तपासत खाली आला. वरच्यांचे रेडिएटर हवे तेवढे गरम होते, ना जास्त ना कमी. सर्वांत शेवटी त्यानं आपाच्या खोलीचं कुलूप काढलं.

रेडिएटरला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. खिडकीवरचं बर्फ सुटलं होतं आणि पाणी चौकटीवरून खाली ठिबकत होतं. गादीची गुंडाळी करून कुणीतरी पलंगावर ठेवली होती. तो पलंगाच्या कडेला बसला, टोपी काढली, कोट काढला. खोली चांगलीच तापली होती. रिकाम्या खोलीला एवढी उष्णता द्यायची नसते, वाया जाते, हे त्याला आता नीट ठाऊक होतं. त्या प्रश्नाला परीक्षेत पूर्ण मार्क मिळाले होते. उठताना त्यानं रेडिएटरच्या नळाकडे पाहिलं, आणि तो तसाच पूर्ण उघडा ठेवून बाहेरून कुलूप लावलं.